मोटार कुणाची?

माणसाला कसला ना कसला नाद असावा असे म्हणतात. कुणाला गाण्याचा असतो, कुणाला नाटकाचा, कुणाला नुसता पानसुपारीचा. मला मोटारींचा आहे. हे वाक्य मी चारचौघांत उच्चारले की ऐकणारे आधी माझ्याकडे पाहतात, मग माझ्या यजमानांकडे पाहतात आणि विचारतात, "म्हणजे, यांना का?" यांना नव्हे, मला! आमच्या ह्यांना मोटारीचे पुढचे तोंड कोणते आणि मागचे कोणते एवढे बरोबर ओळखता येते. त्यापुढे त्यांची गती नाही. ते टपालखात्यात आहेत आणि सायकलीवर त्यांची एकनिष्ठ प्रीती आहे. मी एका शाळेत चित्रकला शिकविते, रात्री जागून कादंबऱ्या लिहिते, आणि मागून येणाऱ्या मोटारीच्या नुसत्या आवाजावरून तिचे कूळ नि तिचे दुखणे सांगू शकते.

माझे शिक्षण फारसे नाही. दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकलेची पदविका, संपले. परंतु मोटारविद्येचे माझे विद्यापीठ निराळे होते. ते कोल्हापुरात एका डॉक्टरांच्या वाड्याच्या पडवीत भरत असे आणि तिथले एकुलते एक प्राध्यापक म्हणजे माझे वडील. आबा डॉक्टरांचे ड्रायव्हर. १९७६ साली ते त्या नोकरीला लागले आणि २००५ साली सुटले. एकोणतीस वर्षे एकच मालक आणि एकच मोटार. आजकाल एवढा काळ नवराबायकोंचेसुद्धा निभत नाही.

ती मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. लोक तिला फियाटच म्हणत आणि अजूनही म्हणतात. तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि पुढे तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या आराखड्यावर मोटारी बाहेर पडू लागल्या. पन्नाशीतल्या गुबगुबीत फियाटला लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले, आणि ती ज्यांच्या दारात उभी असे ते थोर लोकही हे नाव कौतुकाने घेत. १९६४ साली चौकोनी अंगाची 'डिलाइट' आली. तीच दहाएक वर्षांनी चितोडच्या राणीचे नाव धारण करून 'पद्मिनी' झाली. १०८९ सी.सी.चे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला चिकटलेला गिअर आणि पुढे तिघांना ऐसपैस बसता येईल अशी अखंड बैठक! त्या काळी मोटार घ्यावयाची म्हणजे दुकानात जाऊन निवडावयाची नसे. नाव नोंदवावयाचे आणि वाट पाहावयाची. ही वाट महिन्यांची नव्हे, वर्षांची. डॉक्टरांनी नाव नोंदविले तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलाची मुंज व्हावयाची होती. १९७५ साली गाडी दारात आली तेव्हा त्याला मिसरूड फुटले होते, असे आबा सांगत.

रविवारी डॉक्टरांचा दवाखाना बंद असे. त्या दिवशी सकाळी आबा मला बरोबर नेत. बादली भरून आणणे हे माझे काम. गाडी धुऊन झाली की बोनेट उघडावयाचे आणि मग शिकवणी सुरू. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावयाचा. तपकिरी असला तर प्रकृती ठीक. काळा काजळीने भरलेला असला तर पेट्रोल जास्त पिते. पांढरट असला तर पोटात उष्णता आहे. डॉक्टर रोग्याची जीभ पाहतात, आबा गाडीची पाहत. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट काचकागदाने हलकेच घासावयाचे आणि त्यांतले अंतर डोळ्यानेच जोखावयाचे. हे सारे आटोपले की आम्ही रंकाळ्यापर्यंत एक फेरी मारून येत असू. मी मधे, आबांना खेटून. ते क्लच दाबून "आता" म्हणत आणि मी दांडा ओढून गिअर बदलीत असे. क्लच त्यांच्या पायाखाली आणि गिअर माझ्या हातात. माझे वय तेव्हा आठ-नऊ असेल. त्या वयात मला जो मान मिळाला, तो पुढे माझ्या कादंबऱ्यांनाही मिळाला नाही!

एकदा मे महिन्यात डॉक्टरांचे कुटुंब रत्नागिरीला गेले होते. त्यांच्या नातवाला सोबत म्हणून मलाही नेले होते. परतीच्या वाटेवर साखरप्याहून आंबा घाट चढावयाचा. भर दुपार, पाच माणसे, टपावर आंब्याच्या पेट्या. अर्ध्या घाटात फियाटने दोन आचके दिले आणि उभी राहिली. डॉक्टरीणबाई घाबरल्या. आबा शांतपणे उतरले, खांद्यावरचा पंचा पाण्यात भिजवला आणि पेट्रोलच्या पंपाला गुंडाळला. उन्हाने आणि इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ती पुढे ढकलता येत नाही. पंप थंड झाला की वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चालू लागते. यात जादू नाही, पण त्या दिवशी मला ती जादूच वाटली. वीस मिनिटांनी गाडी चालू झाली तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, गाडी आबांची. मी नुसता पेट्रोलाचा धनी."

डॉक्टर विनोदाने बोलले असतील. मी ते अक्षरशः घेतले. त्यातून आबा घरी नेहमी "आपली गाडी" असेच म्हणत. "आज आपल्या गाडीचं ऑइल बदललं," "आपल्या गाडीला नवे टायर घातले." आई भाकरी थापता थापता म्हणे, "आपली म्हणे! तुमचा घाम तेवढा आपला त्यात." मी आईकडे लक्ष दिले नाही. शाळेत एक दिवस 'आमचे घर' असे चित्र काढावयाचे होते. मी घरासमोर फियाट काढली. शेजारच्या बाकावरची मुलगी डॉक्टरांच्याच आळीत राहत असे. ती मोठ्याने म्हणाली, "ही तुमची नाही. ही डॉक्टरांची आहे. हिचे वडील ड्रायव्हर आहेत." सारा वर्ग हसला. मी रबराने गाडी खोडली. कागद फाटेपर्यंत खोडली.

संध्याकाळी मी आबांना विचारले, "आबा, गाडी कुणाची?"

आबा जेवत होते. त्यांनी घास थांबविला. "डॉक्टरांची," ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "पण ते गाडीला ठाऊक न्हाई."

ह्या उत्तराने माझे त्या दिवशी समाधान झाले नाही.

पुढे मी अठरा वर्षांची झाले तेव्हा त्याच फियाटीवर, मेरी वेदर मैदानाच्या कडेकडेने, डॉक्टरांच्या परवानगीने मोटार शिकले आणि परवाना काढला. २००४ साली डॉक्टर वारले. मुलगे अमेरिकेत. त्यांना वाडा विकावयाचा होता आणि वाड्याबरोबर गाडीही. आबांना त्यांनी विचारले. भले लोक होते. "तुम्हीच ठेवा, किमतीचं बघू नका." आबांनी नको म्हटले. आमच्या गल्लीत हातगाडी वळत नसे, मोटार कुठे ठेवणार? आणि पेट्रोल कशाने भरणार? शेवटी कागलकडचा एक गिऱ्हाईक आला. मी तेव्हा तिथे होते. आबा त्याला गाडीची सारी प्रकृती समजावून सांगत होते. सकाळी चोक अर्धाच ओढा, पुरा ओढलात तर प्लग भिजतात. दुसरा गिअर टाकताना अंमळ थांबा. डाव्या दाराला वर उचलून ओढा. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरचे टोपण कोरडे पुसून घ्या. मुलगी सासरी पाठविताना आईबाप विहिणीला सांगतात ना, तिला वांगे चालत नाही, झोपेत दचकते, तसे चालले होते. त्या गिऱ्हाइकाचे लक्ष हातातल्या मोबाइलकडे होते. मग कागदांवर सह्या झाल्या. डॉक्टरांच्या मुलाने केली, घेणाऱ्याने केली. आबांच्या सहीची कुठेच गरज नव्हती. त्यांनी किल्ली दिली आणि आम्ही चालत घरी आलो. आबांच्या खिशात प्लगचा पाना राहिला होता. तो अजून आमच्या घरी आहे.

पद्मिनीचे उत्पादन २००० सालच्या सुमारासच थांबले होते. मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात वीस वर्षांची वयोमर्यादा संपून रस्त्यावरून उतरली. ती बातमी मी आबांना वाचून दाखविली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "इंजिन चांगलं होतं का तिचं?"

त्यानंतर आमच्या दारात कित्येक वर्षे मोटार नव्हती. माझ्या वर्गात मात्र होती. मुलांना काहीही काढा म्हटले की निम्मे मुलगे आणि आताशा मुलीसुद्धा मोटार काढतात. पंचवीस वर्षांपूर्वी मी नोकरीला लागले तेव्हा मुलांची मोटार तीन पेट्यांची असे. पुढे बोनेटची पेटी, मधे माणसांची, मागे डिकीची. आज मुले काढतात ती मोटार दोन पेट्यांची. डिकीची पेटी गळून पडली. मुलांची नजर कधी खोटे बोलत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात सरकारने चार मीटरांच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरचा कर उतरविला. त्याबरोबर कारखानदारांनी फूटपट्टी घेतली. पुण्याच्या टाटांची आखूड इंडिगो २००८ साली निघाली; मारुतीची डिझायर पहिल्या जन्मी चार मीटरांहून लांब होती, ती २०१२ साली मागून छाटून ३९९५ मिलिमीटरांची झाली. पाच मिलिमीटर तेवढे सोडले! चित्रकाराच्या दृष्टीने सांगावयाचे तर त्या काळच्या कित्येक मोटारी पुढून मोटारी आणि मागून हिशोब आहेत.

आम्हांला मोटार घेता आली नसती असे नाही. २००९ साली नॅनो आली. स्कूटरवर चौघांचे कुटुंब, मधे चेंगरलेले मूल, हे दृश्य पाहून आपल्याला त्या गाडीची कल्पना सुचली असे रतन टाटांनी सांगितले होते. दोन सिलिंडरांचे ६२४ सी.सी.चे इंजिन पाठीमागे बसविलेले, किंमत एक लाखाच्या आसपास. मोठी हुशारीने बांधलेली गाडी होती ती. हे म्हणाले, "घेऊन टाक, तुझा जीव लागला आहे." मी घेतली नाही. पैसे नाहीत, असे कारण मी सांगितले. ते खोटे होते. खरे कारण आज सांगते. 'देशातली सर्वांत स्वस्त गाडी' ह्या शब्दांची मला लाज वाटली. ड्रायव्हरच्या पोरीने घेऊन घेऊन ही घेतली, असे कुणी म्हणेल, अशी भीती वाटली. त्या जुन्या वर्गातले हसू अजून कानात होते. माझ्यासारखे आणखी कितीजण असतील कोण जाणे. २०१८ साली नॅनो बंद झाली. माणूस मोटार पाय दुखतात म्हणून घेतो असे अर्थशास्त्रज्ञांना वाटते. शेजारी पाहतात म्हणून तो घेतो आणि शेजारी पाहतात म्हणूनच घेत नाही.

२०२५ च्या सप्टेंबरात, २२ तारखेपासून, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर शेकडा २९ वरून १८ वर आला. दसरा तोंडावर होता. आई गेल्यापासून आबा आमच्याकडेच असतात. पंचाहत्तरी झालेली, गुडघे धरलेले. रिक्षात चढताना त्यांना होणारा त्रास पाहवत नव्हता. मी ह्यांना म्हटले, "आता घ्यायचीच." आणि आम्ही दोघे शोरूममध्ये गेलो.

ही शोरूम कोणती, ते सांगत नाही. सगळ्या सारख्याच असतात. काचेची भिंत, गारठा, आणि दारातच "वेलकम सर!" आमच्यापुढे एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आला. गळ्यात टाय, हातात टॅब्लेट. तो सरळ ह्यांच्याकडे वळला. इंजिन किती सी.सी.चे, ते ह्यांना सांगितले. मायलेज ह्यांना सांगितले. ब्रेक, गिअर, चाके, सारे ह्यांना. मग माझ्याकडे वळून मधुर आवाजात म्हणाला, "आणि मॅडम, तुमच्यासाठी इथं आरसा आहे. लाइट लागतो." मी विचारले, "टायमिंग बेल्ट आहे की चेन?" त्याने प्रश्न ऐकला आणि उत्तर ह्यांना दिले! हे गंभीरपणे मान डोलावून म्हणाले, "छान." ह्यांना कुणीतरी शिकवून पाठविले होते, त्यांनी पुढे होऊन बोनेटवर बोटाच्या पेराने टकटक केली आणि "पत्रा जड वाटतो" असा निर्वाळा दिला. नारळ घ्यावयाला आल्यासारखे.

ह्या टकटकीविषयी मला चार शब्द सांगितलेच पाहिजेत. दार धाडकन् लागले, पत्रा जड वाजला, म्हणजे गाडी मजबूत, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. गाडीचे पुढचे अंग टक्करीत चुरगळावे म्हणूनच बांधलेले असते. ते चुरगळताना धक्का गिळते. न चुरगळावा तो माणसांभोवतीचा सांगाडा. तो टकटकीने कळत नाही. २०१४ साली ग्लोबल एनकॅप ह्या संस्थेने आपल्याकडच्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. पाचांनाही प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांची दारे काय वाजत नव्हती? २०२३ च्या ऑक्टोबरपासून आपल्याच देशात भारत एनकॅप नावाची अशी परीक्षा सुरू झाली आहे. गाडी घेणाऱ्याने रंगाच्या आधी हे तारे पाहावेत. मी पाहूनच गेले होते.

मग तो मुलगा म्हणाला, "आपल्या गाडीला सहा एअरबॅग आहेत, सर." पुढे म्हणाला, "आपली गाडी घाटात एकदम मस्त चढते." मी त्याच्याकडे नीट पाहिले. आपली गाडी! चौकशी केली तेव्हा कळले, स्वारी गडहिंग्लजकडची. वडिलांची शेती थोडी, हा खोली करून राहतो, मोटरसायकलीवर येतो-जातो. मोटार त्याच्या घराण्यात कुणाची नाही. महिन्याला किती गाड्या विकावयाच्या त्याचा आकडा डोक्यावर. माझा राग थोडा उतरला. इतक्या वर्षांनी तोच शब्द पुन्हा कानांवर पडला होता, आणि बोलणारा पुन्हा गाडीचा मालक नव्हता.

पण राग उतरला तरी हिशोब उतरत नाही. त्याने कागद पुढे केला. मूळ किंमत एक आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत दुसरी. मधे आठ-नऊ ओळी. आर.टी.ओ.चा कर खराच. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला तो शेकडा ११, म्हणजे सात लाखांच्या गाडीला ७७ हजार. तो द्यावाच लागतो. त्यापुढे विमा. "विमा आमच्याकडूनच घ्यावा लागतो, सर." मी म्हटले, "विमा सक्तीचा आहे, विकणारा सक्तीचा नाही." २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्षाचा विमा एकदम घ्यावा लागतो, पण तो कुणाकडून घ्यावा हे गिऱ्हाईक ठरवितो. बाहेरचा दर फोनवर दाखविताच इथला दर कित्येक हजारांनी खाली आला. पुढची ओळ 'साहित्य': पायपुसणी, चिखलपट्ट्या, सीटची आवरणे. नको असलेली खोडली. त्याच्या पुढची ओळ 'हाताळणी'. "ही कसली?" "गाडी गोदामातून आणायची, पुसायची..." म्हणजे वाण्याने फडताळातून साखर काढून दिल्याबद्दल वेगळे पैसे मागावेत तसे! मी म्हटले, "द्यायला हरकत नाही, ह्याच नावाने पावती द्या." मुलगा आत गेला, साहेबांना विचारून आला, आणि ती ओळ कागदावरून नाहीशी झाली. वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की कोणत्याही ओळीची पावती मागावी. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली तेही विचारावे आणि कागदावर पाहावे. गुदामात उन्हात पडलेली गाडी नव्या भावाने घेऊ नये.

आता नाव लिहावयाची वेळ आली. टॅब्लेटवर त्याने ह्यांचे नाव विचारले. हे म्हणाले, "गाडी हिच्या नावावर. कर्ज हिच्या पगारावर." मुलगा प्रथमच माझ्याकडे वळला. माझी नोकरी लग्नाआधीची. त्यामुळे शाळेच्या दप्तरात आणि आधारकार्डावर माझे माहेरचेच नाव आहे. नोंदणीच्या अर्जात नावाखाली एक रकाना असतो: यांचा मुलगा, यांची मुलगी, किंवा यांची पत्नी. मुलाने न विचारता 'पत्नी' निवडले आणि ह्यांचे नाव घालू लागला.

"थांबा," मी म्हटले.

मी ह्यांच्याकडे पाहिले. मला काय म्हणावयाचे आहे ते मलाच नीट ठाऊक नव्हते. ह्यांना मोटारीतले काही कळत नाही, पण पत्ता बरोबर वाचता येतो. नोकरीच ती आहे. ते त्या मुलाला म्हणाले, "तिथं 'मुलगी' करा. आणि तिच्या वडिलांचं नाव घाला." मग माझ्याकडे न पाहता पुन्हा बोनेटवर टकटक करू लागले.

दसऱ्याला गाडी मिळाली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, नारळ, पुठ्ठ्याची भलीमोठी किल्ली हातात देऊन काढलेला फोटो. पडद्यावर गाणी कशी लावावीत ते त्या मुलाने पंधरा मिनिटे शिकविले. मी विचारले, "जॅक कुठं आहे?" त्याला सांगता येईना. आम्ही दोघांनी मिळून डिकीतले पांघरूण उचलले, स्टेपनी शोधली, जॅक शोधला, आणि कुठे लावावयाचा ते मी त्याला दाखविले. तो मन लावून पाहत होता. "मॅडम, हे आम्हांला कुणी सांगत नाही," तो म्हणाला. जाताना मी त्याला म्हटले, "आपली गाडी छान आहे हो." तो लाजला.

घरी येऊन आबांना खाली आणले. गुडघे दुखतील म्हणून मागचे दार उघडले. मागे जागा ऐसपैस असते. आबा दाराशी उभे राहिले. जन्मात ते कधी मोटारीत मागे बसले नव्हते. "मागं बसून गाडी कळत न्हाई," म्हणाले, आणि पुढे येऊन बसले. जोतिबाला निघालो. डोंगराची चढण लागली तेव्हा आबांनी काच खाली केली आणि मान कलती करून ऐकू लागले. "आवाजच न्हाई हिला," ते कुरकुरले, "दुखतंय खुपतंय ते कळायचं कसं?" एका वळणावर नकळत त्यांचा डावा पाय हलला. तिथे क्लच नव्हता. क्लच माझ्या पायाखाली होता. "आता," ते म्हणाले, आणि मी गिअर बदलला.

तीन आठवड्यांनी नोंदणीचे कार्ड आले. ह्यांच्याच खात्यातून, स्पीडपोस्टाने. त्यावर माझे नाव आहे. कर्ज आहे म्हणून बँकेचेही आहे. ह्यांच्या हिशोबाप्रमाणे चार चाकांपैकी तूर्त तीन बँकेची. आणि माझ्या नावाखाली आबांचे नाव. मी काही न बोलता ते आबांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला. कार्ड उजेडाकडे धरले. अक्षर बारीक आहे आणि इंग्रजी आहे, त्यामुळे वेळ लागला. एका ठिकाणी त्यांचे बोट थांबले. बोट तिथेच राहिले. मग त्यांनी कार्ड धोतराच्या सोग्याला पुसले आणि मला परत दिले.

"कागद गाडीतच ठेवत जा," ते म्हणाले. "घाटात विचारत्यात."

आता मोबाइलवर दाखविले तरी चालते, असे मी सांगणार होते. सांगितले नाही. आबा दोरीवरचा पंचा काढून, भिंत धरत धरत, गाडी पुसावयाला खाली उतरत होते.